बोर्डावरचे हात

“मष्णू, हात जोड की रं. दोन्ही. हे असं, छातीसमोर.”

नागेंद्रशेठनी स्वतः हात जोडून दाखवले. त्यांच्या अंगठीवर फोटोवाल्याच्या दिव्याचा उजेड पडला आणि भिंतीवर एक ठिपका नाचून गेला. मष्णूआप्पा दुकानाच्या काचेच्या दारापाशी उभे होते. अंगावर रखवालदाराचा खाकी शर्ट, खिशावर निळ्या फितीचं मेडल. त्यांनी टाचेला टाच लावली आणि कडक सॅल्यूट ठोकला.

“सॅल्यूट नको रं बाबा. सॅल्यूट रोजच करतोस. नमस्कार पायजे. गिऱ्हाइकाला वाटलं पायजे, ह्यो मानूस हात जोडून सांगालाय, आमचा हिरा स्वच्छ हाय.”

“सॅल्यूटच घ्या शेठ. हात जुळत न्हाईत माजे.”

“जुळत न्हाईत म्हंजे? संधिवात हाय काय?”

“न्हाय. जुळत न्हाईत, एवढंच.”

मी बिलाच्या काउंटरमागे उभी होते आणि कुठे तोंड लपवू असं मला झालं होतं, कारण हा सगळा तमाशा माझ्याच तोंडामुळे उभा राहिला होता.

मी पारमिता. टिळकवाडीतल्या या सोन्या-हिऱ्याच्या दुकानात नऊ वर्षं बिलं करते. बिलांच्या जोडीला पोलिसांचे कागद, विम्याचे कागद, नोकरांच्या फायली, असलं जे जे कुणालाच नको असतं ते सगळं माझ्या टेबलावर येऊन पडतं. मष्णूआप्पांच्या बंदुकीच्या लायसन्सचं रिन्यूअल आलं, तेव्हा त्यांचं लष्करातलं डिस्चार्ज बुक झेरॉक्ससाठी माझ्याकडे आलं. मष्णू कुगजी, राहणार येळ्ळूर, हवालदार, नर्सिंग असिस्टंट. सात वर्षं हा माणूस आमचं दार उघडतोय, आणि फौजेत तो बंदूक नव्हे तर बँडेज सांभाळायचा, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या पानावर लिहिलं होतं: संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना, सिएरा लिओन, १९९९ ते २००१. ते नाव मला ओळखीचं होतं. आमच्या शिक्क्यामुळे.

आमच्याकडे एक रबरी शिक्का आहे. हिऱ्याच्या प्रत्येक बिलावर मी तो जांभळ्या शाईत मारते. त्यावर चार ओळी इंग्रजी मजकूर आहे. मतलब असा, की या बिलातले हिरे वैध मार्गाने घेतलेले आहेत आणि कुठल्याही लढाईला त्यातून पैसा गेलेला नाही. हा शिक्का आला तेव्हा त्याच्यासोबत एक माहितीपत्रक आलं होतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आफ्रिकेत बंडखोरांच्या टोळ्यांनी हिरे विकून बंदुका घेतल्या, माणसं तोडली, जगभर बोंब झाली. मग जगातले सरकारवाले आणि हिरेवाले एका टेबलाशी बसले आणि नियम केले. कच्च्या हिऱ्यांच्या डब्याला सरकारी दाखला, आणि पुढे पैलू पडले की व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याला द्यायच्या बिलावर या चार ओळी. किरकोळ गिऱ्हाइकाच्या बिलावर तसा काही नियम नाही; शेठनी हा शिक्का हौसेनं करून घेतला. त्या पत्रकात सगळ्यात वर नाव होतं सिएरा लिओनचं.

एकदा मी आमच्या सुरतच्या एजंटला फोनवर विचारलं होतं, की हे खरंच कुठून आलंय, तुम्ही बघता का? तो हसला. “मॅडम, आमच्या बिलावर जे लिहिलेलं येतं तेच आम्ही लिहितो. तुम्ही पण तेच लिहा ना.” म्हणजे कागदावरून कागद. आणि शेठ मुंबईला व्यापाऱ्यांच्या सभेला जाऊन आले, तेव्हा त्यांनी आम्हाला मोठ्या कौतुकानं समजावलं होतं, की बंडवाल्यानं खाणीवर माणूस मारला तर तो रक्ताचा हिरा. सरकारी शिपायानं मारला तर तो नियमात बसतो, स्वच्छ हिरा. सांगताना ते काजूकतली खात होते.

मी मूळची निपाणीची. माझी आज्जी तानीबाई तिथल्या तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर राबली. खोकून खोकून गेली. सरणावर ठेवली तेव्हाही तिची बोटं पिवळी होती आणि तिच्या हाताला तोच वास होता. त्या धंद्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही. पण तंबाखूच्या पुडीवर निदान सडलेल्या तोंडाचा फोटो तरी असतो. आमच्या धंद्यात सडकं काही छापतच नाहीत. वर मखमल आणि खाली माझा शिक्का.

आता माझ्या तोंडाबद्दल. श्रावणात एक जोडपं अंगठी बघायला आलं होतं. मुलगा खानापूरकडचा, परदेशात नोकरीला. त्यानं शेठना विचारलं, “हा हिरा कुठल्या खाणीतला? हे कोण तपासतं?” शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी शिक्क्याकडे दाखवलं. मुलीनं अंगठी हळूच काढून ट्रेमध्ये ठेवली आणि दोघं निघून गेले. शेठ दिवसभर धुमसत होते. संध्याकाळी मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी म्हटलं, “शेठ, आपल्या मष्णूआप्पांनी ते सगळं डोळ्यांनी बघितलंय. शांतिसेनेत होते ते तिकडं.” मला वाटलं होतं, ऐकून शेठ ओशाळतील. जरा तरी. शेठना कल्पना सुचली.

त्या फोटोच्या दिवशी शेवटी शेठ कंटाळले. “बरं, हात खाली सोडून तरी हुबा ऱ्हा,” म्हणाले. आप्पा सावधानमध्ये उभे राहिले, फोटोवाल्यानं फोटो घेतला आणि मला वाटलं, सुटलो.

दुपारी मागच्या खोलीत आम्ही डबे उघडले. ही खोली म्हणजे तिजोरीची भिंत, पाण्याचा फिल्टर आणि दोन स्टुलं. आप्पांनी भाकरी मोडली, वांग्याच्या भाजीत बुडवली आणि काही झालंच नाही अशा थाटात खाऊ लागले.

“आप्पा, माझं चुकलं. शेठना मीच सांगितलं तुमचं.”

“ठावं हाय मला. तुज्याबिगर कोन वाचतंय असली पुस्तकं?”

“पण हात का जोडत नाही तुम्ही? लक्ष्मीपूजनालासुद्धा तुम्ही नुसतं उभं राहता.”

 आप्पांनी दाराकडे एकदा बघून घेतलं.

“फ्रीटाऊन म्हनून गाव हाय तितलं. त्येच्याजवळ आमचा दवाखाना हुता. फौजेचाच, पन गावची मानसंबी यायची. हात तोडल्याल्या लोकांची एक वस्तीच हुती तितं. अख्खी वस्ती गं. बाया, म्हातारी, ल्हान पोरं. जखमा जुन्या, पन चिघळल्याल्या. माजं काम ड्रेसिंग.”

“कुणी तोडले?”

“बंडवाल्यांनी. हिरं निगायचं त्या भागातली मानसं भेवून पळून जावीत म्हनून. खाण म्हंजे काय गं, वढ्याकाठचा खड्डा. कमरंएवढ्या चिखलात हुबं राहून चाळण हलवायची. हिरा घावला की बंदूकवाल्याचा.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “आन् तोडायच्या आदी इचारायचं. बाही आखूड पायजे का लांब? आखूड म्हंजे हितनं.” त्यांनी भाकरीचा हात दुसऱ्या हाताच्या कोपरावर टेकवला. “लांब म्हंजे हितनं.” मग मनगटावर.

मी हातातली भाकरी डब्यात परत ठेवली.

“फातू म्हनून एक बाई हुती. माज्याहून चार वर्सांनी थोर असंल. तिचं दोनी लांब. मी रोज सकाळी वार्डात शिरलो की सगळ्यास्नी हात जोडायचो. त्यांची भाषा मला येत न्हवती, माजी त्यांस्नी. त्यांस्नी लई गंमत वाटायची त्येची. एक दिस तिचं ड्रेसिंग झालं, मी ट्रे उचललो, तर तिनं दोनी बँडेजं वर केली आन् एकाला एक लावली. माज्याकडं बगून हासली. नमस्कार केलती गं मला.”

फिल्टरमधून पाणी ठिबकत होतं. आप्पांनी डब्याचं झाकण लावलं.

“तवापास्नं न्हाई जोडलो. आमच्या चांगळेश्वरी देवीसमोरबी न्हाई. बायको भांडली, पुजारी बोलला, भावकी बोलली. काय सांगू त्यांस्नी? सांगून कळतंय व्हय?”

“मग आप्पा, या असल्या दुकानात नोकरी का धरलीत?”

मी जरा तोडूनच विचारलं. मला राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं. आप्पांना मात्र त्याचं काही वाटलं नाही.

“पेन्शनीत भागत न्हाई म्हनून. दार उगडायचं काम. हितलं दार काय आन् ब्यांकेचं काय. आत मी कवा बगितलोच न्हाई पोरी. सात वर्सं तोंड रस्त्याकडं हाय माजं.”

चार वाजता एक बाई हिऱ्यांचं ब्रेसलेट घ्यायला आल्या. काउंटरवरची मुलगी सुट्टीवर होती म्हणून माप मी घेतलं. आमच्याकडे त्यासाठी कागदाची पट्टी असते. मनगटाभोवती गुंडाळायची आणि पेनानं खूण करायची. “फार घट्ट नको हं, जरा खाली उतरलं पाहिजे,” बाई म्हणाल्या. गोरंपान, गुबगुबीत मनगट. मी खूण केली, पट्टी टेबलावर टाकली आणि मागे जाऊन बेसिनमध्ये ओकले. त्या बाईंची किळस नव्हती आली. त्या बिचारीला काय माहीत? शिक्क्याची आली होती, मखमलीची आली होती, आणि तोंड पुसून परत बाहेर जाऊन “थँक्यू मॅडम” म्हणणाऱ्या माझी सगळ्यात जास्त आली होती. बिलावर शिक्का मी मारलाच. संध्याकाळी घरी आई वंदनेला बसली, मी शेजारी बसले. हात जोडले आणि सगळा वेळ स्वतःच्या मनगटांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी शेठनी आप्पांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

“मष्णू, रविवारी तुज्या पोरीचा, ऋतिकाचा, साखरपुडा न्हवं?”

“व्हय शेठ. काकतीची मानसं हाईत. पोरगं कारखान्यात हाय.”

“लगनात मंगळसूत्र आपल्या दुकानातनं करून देतो म्हटलोय, इसरलो न्हाई मी. घरचं कार्य समजतो. तू बी दुकान घरचं समज की. हात जोडायला काय पैसं पडत्यात?”

“मंगळसूत्र ऱ्हाऊ दे शेठ,” आप्पा म्हणाले. “काळ्या मण्यांवरबी लगीन लागतंय.”

शेठनी त्यांना हातानंच जायची खूण केली. ते गप्प बसले की मला जास्त भीती वाटते.

बुधवारी सकाळी सोनमच्या टेबलापाशी गडबड होती. सोनम म्हणजे आमच्या दुकानाच्या जाहिराती करणारी मुलगी. चांगली आहे, कामाला वाघीण आहे, आणि तिला वेळेत काम संपवून पाचची बस गाठायची असते. शेठ तिच्यासमोर हात जोडून उभे होते आणि ती मोबाइलवर त्यांच्या हातांचे फोटो काढत होती. “जरा वर शेठ. हां. बोटं जुळवा.” मला वाटलं, बरं झालं, आता शेठच जाहिरातीत येणार.

मी बिलबुक घ्यायला तिच्या मागून गेले आणि पडद्याकडे नजर गेली. पडद्यावर आप्पा होते. मेडल लावलेले, सावधानमधले. सोनम माउस हलवत होती आणि आप्पांचे खाली सोडलेले हात बोटांपासून वर वर पुसले जात होते. आधी पंजे गेले. मग मनगटं. कोपरापाशी ती थांबली आणि मान वळवून तिनं विचारलं,

“शेठ, बाही हाफ ठेवू की फुल?”

“फुल कर. जोड दिसाय नको.”

तिनं बाही लांब केली आणि तिच्या टोकाला शेठचे हात चिकटवले. मऊ, भरलेले, नखं कापलेले हात. “अंगठी पुसू का?” “ऱ्हाऊ दे. आपलाच माल हाय.” दोघं हसले. मी तिथं बिलबुक छातीशी धरून उभी होते. सोनमला त्या प्रश्नाचा अर्थ ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मला ठाऊक होता.  मी बिलबुक घेऊन जागेवर गेले.

शुक्रवारी बोर्ड लागले. एक चन्नम्मा सर्कलला, एक वडगावच्या नाक्यावर. वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक, नियमाप्रमाणे. आमच्या सीमाभागातल्या गावात बोर्डावर कन्नड किती आणि मराठी किती यावरून काचा फुटतात. हिरा कुठून आला यावरून कुणाची भुवईसुद्धा हलत नाही. मधे आप्पा, डोळ्यांत तीच सावधानची नजर, आणि छातीवर ते जोडलेले हात. “शांतिसेनेचा जवान हात जोडून सांगतो: आमचा हिरा, स्वच्छ हिरा.”

येळ्ळूरहून येताना वडगावचा नाका लागतोच. आप्पा दहाला दहा मिनिटं असताना आले, स्कूटर लावली आणि दार ढकलून सरळ आत आले. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणी न बोलावता रस्त्याकडे पाठ केली.

“शेठ, बोर्डावरचं हात कुनाचं?”

“तुजंच की रं.”

“माजं न्हाईत.”

“बरं बाबा, माजं हाईत. मालक-नोकर काय परकं हाईत व्हय? खोटं काय लिवलोय सांग. तू तितं हुतास का न्हाई? मेडल तुजं का न्हाई?”

“हुतो. मेडल माजं. हात न्हाईत. बोर्ड काडा.”

“दिवाळी होऊ दे, काडतो.”

“लोकांस्नी सांगतो मग मी, लावल्यालं हात हाईत म्हनून.”

“सांग की. कोन बगितलंय लावताना?” शेठ खुर्चीत मागे रेलले.

आप्पांनी वळून आमच्याकडे पाहिलं. आधी सोनमकडे, मग माझ्याकडे. “तुमी बगितलासा न्हवं गं? सांगा.”

सोनमनं मान खाली घातली. माझ्यासमोर एक बिल होतं. मी शिक्का उचलला, शाईत दाबला आणि त्या बिलावर मारला. त्यावर तो आधीच मारलेला होता. शिक्क्यावर शिक्का बसला आणि काहीच वाचता येईना.

  आप्पांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या काउंटरवर ठेवली आणि ते गेले. त्या दिवशी गिऱ्हाइकं स्वतःच दार ढकलून आत आली. शेठनी दुपारपर्यंत दुसरा माणूस आणला. तो हात छान जोडतो.

शनिवारी दिवसभर मी शिक्के मारले. दिवाळीचा माल, दिवाळीची बिलं. बोटं जांभळी झाली. रविवारी येळ्ळूरला जावं की नाही, हे माझं ठरत नव्हतं. आमंत्रण पंधरा दिवसांपूर्वीचं होतं, शिट्टीच्या आधीचं. पण न जाणं म्हणजे शुक्रवारचंच पुन्हा करणं होतं. मी बस धरली.

आप्पांच्या दारात कापडी मांडव होता. त्यांनी मला पाहिलं, “आलीस व्हय? ये, सावलीला बस,” एवढंच म्हणाले. त्या बोलण्यात राग शोधला, सापडला नाही. त्याचाच जास्त त्रास झाला. ऋतिका आतल्या दाराशी हिरव्या साडीत उभी होती आणि मैत्रिणी तिचा गजरा सारखा करत होत्या.

अकराला काकतीची माणसं दोन जीपांतून आली. आमच्या भागात मुलीचा बाप मांडवाच्या तोंडाशी उभा राहतो आणि मुलाकडच्यांना हात जोडून आत घेतो. तो मान असतो. मुलाचे वडील भावकू पुढे आले, पांढरी टोपी, पांढरा शर्ट. त्यांनी हात जोडले. आप्पांनी उजवा हात छातीवर ठेवला आणि मान लववली.

भावकूंनी हात तसेच धरून ठेवले. वाट पाहिली.

“पावनं,” ते म्हणाले, “बोर्डावर गिऱ्हाइकांस्नी हात जोडतासा. आमास्नी न्हाई व्हय? आमी हिरं घ्यायला आलो न्हाई म्हनून?”

मागे दोघंतिघं हसले. 

“त्ये हात माजं न्हाईत,” आप्पा म्हणाले.

“फोटो तुमचा, मेडल तुमचं, आन् हात कुनाचं? आमी अडानी दिसलो काय? कालपास्नं गावात सगळ्यास्नी मोबाइलवर त्यो बोर्ड दावालोय आमी, ह्ये बगा आमचं व्याही म्हनून.” भावकूंचा आवाज चढला. “मान द्यायचा नसंल तर तसं सांगा. जीप फिरवतो.”

आतल्या दाराशी गजऱ्यावरचे हात थांबले. ऋतिका बापाकडे बघत होती. मला तेव्हा कळलं, की आत्ता या माणसानं नुसते हात जोडले तर सगळं मिटेल, आणि पोरीसाठी तो कदाचित जोडेलसुद्धा. त्याची बोटं हलली. मी पाहिली.

“ते हात आमच्या शेठचे आहेत,” मी म्हणाले.

सगळे वळले. 

“मी त्याच दुकानात बिलं करते. आप्पा हात जोडत नव्हते, म्हणून कॉम्प्युटरवर लावले. आधी आप्पांचे पुसले, मग शेठचे जोडले. मी मागं उभी होते. शुक्रवारी आप्पांनी मला विचारलं तेव्हा मी गप्प बसले. आप्पांची नोकरी गेली. मी तिथंच आहे अजून.”

एवढं बोलून मी रडायला लागले. ते मला मुळीच करायचं नव्हतं.

भावकू गोंधळले. तेवढ्यात मागच्या जीपमधून त्यांची आई, अक्काताई, नातवाच्या खांद्याला धरून उतरून आली. ऐंशीच्या पुढची, काटक, नऊवारीतली बाई. तिनं सगळ्यांना बाजूला सारलं.

“बगू हात.”

आप्पांनी हात पुढे केले. तिनं दोन्ही पंजे उलटसुलट केले, अंगठ्यानं तळवे चाचपले, नखांकडे पाहिलं.

“मला वाटलंच हुतं,” ती म्हणाली. “बोर्डावरचं हात लोण्याचं हुतं. ह्यो मानूस राबल्याला हाय. भावकू, चल आत. ऊन लागालंय मला.”

का जोडत नाही, हे तिनं विचारलंच नाही. हात सोडताना तिनं ते आपल्या हातात जरा दाबले, इतकंच.

साखरपुडा झाला. नवऱ्या मुलानं साधी सोन्याची अंगठी घातली. भावकू मात्र जेवणं होईपर्यंत घुम्म होते. दोन वेळा आप्पा त्यांना वाढायला वाकले, दोन्ही वेळा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. असं एका वाक्यानं सगळं धुऊन निघत नाही. बोर्ड तर आजही दोन्ही जागी आहेत, आणि सोमवारी शेठसमोर उभं राहून मला काय ऐकावं लागणार, तेही मी तिथं पानावर बसल्याबसल्या ऐकत होते.

पंगत उठली. मांडवाच्या कडेला नळ होता, बादली होती, पण आप्पा घागर आणि तांब्या घेऊन स्वतः उभे राहिले. एकेकाच्या हातावर पाणी घालू लागले. डाव्या हातानं समोरच्याचं मनगट खालून धरायचं, उजव्या हातानं धार सोडायची, बोटांच्या बेचकीतून पाणी फिरवायचं. घाई नव्हती. अक्काताईचं मनगट त्यांनी असं धरलं, की ती उष्ट्या हाताचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. भावकू आले. आप्पांनी त्यांचंही मनगट तसंच धरलं. भावकूंनी हात मागे घेतला नाही.

शेवटी मी गेले. आप्पांनी पाणी घातलं. भाताची शितं गेली, तूप गेलं. अंगठा आणि त्याच्याजवळची दोन बोटं जांभळीच राहिली. आप्पांनी आपल्या अंगठ्यानं ती एकदा चोळली, मग पुन्हा जरा जोरात. शाई गेली नाही.

मी हात मागे घेऊ लागले.

“थांब,” ते म्हणाले. मनगट न सोडता ते वाकले आणि त्यांनी तांब्या परत घागरीत बुडवला.